मार्च-एप्रिलमधे नांदूरमध्यमेश्वर: पक्षी कसे बघायचे, पायातली रिंग कशी वाचायची आणि पुढं काय करायचं

नांदूरमध्यमेश्वर म्हटलं की नाशिककर डिसेंबर-जानेवारीच धरतात. नाताळची सुट्टी, हुरडा, आणि त्यातच एक चक्कर पक्ष्यांकडं. हजारोंचे थवे बघायचे तर तेव्हाच जावं, प्रश्नच नाही. पण होळीच्या आसपासपासून एप्रिल संपेपर्यंतचे जे सात-आठ आठवडे असतात ना, ते माझ्या मते शिकायला सगळ्यात भारी. माणसांची गर्दी गेलेली असते, पक्ष्यांचीही निम्मी गेलेली असते, जे उरलेत ते परतीच्या तयारीत नाहीतर विणीच्या तयारीत, म्हणजे दोन्हीकडून नटलेले, आणि पाणी उतरल्यामुळं त्यांचे पाय दिसतात. पाय दिसतात हे मुद्दाम सांगतोय कारण पायात कधीकधी अभ्यासकांनी घातलेली नंबरची रिंग असते आणि ती वाचता आली तर त्या पक्ष्याचा पत्ताच हाती लागतो.

ज्यांना जागा माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या मागं वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि त्यातनं उथळ पाणी, बेटं, पाणकणीस, बेशरमची झुडपं असं सगळं तयार झालं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली ही पहिली रामसर साईट, लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या. नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटर, संभाजीनगर रोडनं चांदोरीवरून निफाडच्या बाजूला जायचं आणि आत वळायचं. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत, खानगाव थडीला बंधारा आणि वनखात्याचं केंद्र. तिकीट, गेटची वेळ, मनोरे चालू आहेत का हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, गुगलवरच्या टायमिंगवर जाऊ नका.

आधी पाणी कुठंय ते बघा, मग तारीख ठरवा

बहुतेक लोक कॅलेंडर बघून जातात. इथं कॅलेंडरपेक्षा आवर्तन, म्हणजे धरणातनं शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, बघायचं असतं. वरनं दारणा-गंगापूर धरणांमधून नदीत पाणी सुटतं, ते इथल्या बंधाऱ्यात अडतं आणि इथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी येवला, कोपरगाव, राहात्याकडं जातं. म्हणजे उन्हाळी आवर्तन चालू असलं की बंधारा भरलेला, आणि ते संपलं की पाणी उतरत जातं, गाळ उघडा पडतो. हा ताजा उघडा पडलेला गाळ म्हणजे चिखलात चोच खुपसणाऱ्या सगळ्या पक्ष्यांसाठी वाढलेलं ताट, किडे, अळ्या, शिंपल्या सगळं वरच. नाशिककडच्या पेपरात आवर्तनाच्या बातम्या येतातच, त्या वाचत जा. त्याहून सोपं म्हणजे गावातल्या कुणालातरी विचारा. मासेमारी करणारे काका भेटले तर "काका, पाणी उतरतंय का चढतंय?" एवढंच विचारायचं, ते सांगतात "परवापास्नं उतरतंय, पलीकडच्या अंगाला गाळ उघडा झालाय," की तुमची सकाळ कुठं घालवायची ते ठरलं.

पाण्याच्या खोलीवरून कोण दिसणार त्याचा अंदाज बांधता येतो. नुसता ओला चिखल किंवा बोटभर पाणी असेल तर चिखल्या, तुतारी, छोटे टिलवे असले चिखलात चरणारे पक्षी. वीतभर असेल तर शेकाटे, गॉडविट, रफ असले जरा लांब पायांचे. गुडघ्याच्या आतबाहेर असेल तर थापट्या, तलवार बदक, भुवई बदक असली चोच बुडवून खाणारी बदकं, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि रंगीत करकोचे. त्याहून खोल पाण्यात वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि डुबी मारणारी बदकं. हे काटेकोर नाही, पण मनोऱ्यावर चढल्या चढल्या "आता कुठं बघू" असं होतं ना, तेव्हा याच हिशेबानं डोळे फिरवायचे. पाणवेलींची हिरवी चादर दिसली तर तिला पण सोडू नका, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावरच चालत असतात.

गंगापूर धरणाचं बॅकवॉटर शहराला जवळ आहे, कामाच्या दिवशी सकाळी उरकून ऑफिसला जाता येतं, तिथंही हाच नियम. वाघाड, पालखेड, ओझरखेड ही धरणंही तशीच. पण सुरुवात नांदूरलाच करा, कारण तिथं गाईड मिळतात.

किती वाजता, कुठल्या बाजूनं

मार्चच्या सुरुवातीला सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, एप्रिल संपता संपता सहा-सव्वासहाला. उजाडताना तुम्ही जागेवर पाहिजे, म्हणजे नाशिकमधनं पावणेपाच-पाचला निघणं आलं. कुरकूर करू नका, कारण नऊ-साडेनऊनंतर इथं दुसरीच अडचण सुरू होते. गाळ तापला की हवा थरथरायला लागते, बायनॉक्युलरमधनं लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो, स्कोपमधनं, म्हणजे तिवईवरच्या दुर्बिणीतनं, तर काहीच वाचता येत नाही. कॅमेरा कितीही महागडा असला तरी त्या थरथरीपुढं त्याचं काही चालत नाही. रिंग वाचायचा सगळा खेळ पहिल्या दोन-अडीच तासांचा आहे. संध्याकाळी पाचनंतर परत बरं होतं.

सूर्य पाठीशी ठेवायचा. हे सगळेच सांगतात पण करत कुणी नाही, मित्र जिथं उभे तिथंच आपण उभे. सकाळी पूर्वेला तोंड करून बघितलं तर समोरचे सगळे पक्षी काळे, पाय लाल का पिवळे ते कळणारच नाही. सकाळचा स्पॉट आणि संध्याकाळचा स्पॉट वेगळा ठेवा.

सामान फार नको

८ बाय ४२ चा बायनॉक्युलर घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमधे. दुकानदार १० बाय ५० गळ्यात मारायला बघतो, "जास्त पॉवर आहे साहेब" म्हणून, पण तो जड असतो आणि हातात हलतो, सुरुवातीला नको. घ्यायच्या आधी एकदा कुणाचातरी वापरून बघा. स्पॉटिंग स्कोप महाग असतो, तो एकट्यानं घेण्यात अर्थ नाही, चार जणांत घ्या किंवा सरळ स्थानिक गाईड करा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडं स्कोप असतो. गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या काही वेळा घ्याच. चापडगाव-खानगावची ही पोरं या पाण्यावरच वाढलीत, कुठला पक्षी कुठल्या कोपऱ्यात बसतो ते त्यांना घरातल्या माणसासारखं ठाऊक असतं, आणि त्यांचे पैसे होतात म्हणून गावाला हे पाणथळ राखावंसं वाटतं. फक्त आधीच सांगून ठेवा, "दादा, जवळ नाही गेलो तरी चालेल, पक्षी उडवायचे नाहीत."

बाकी मग टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे, माणशी दोन लिटर पाणी, वही-पेन्सिल. वही हवीच, मोबाईल उन्हात दिसत नाही आणि गाळाच्या कडेला हातातनं पडला तर गेला. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, मार्चच्या सुरुवातीला पहाटे एक जाकीट लागतं आणि दहा वाजता तेच ओझं होतं.

या दिवसांत नेमकं काय बघायचं

हिवाळ्यात बरेच पक्षी मळकट कपड्यात असतात, तपकिरी, करडे, एकसारखे. मार्चमधे ते रंग बदलायला लागतात आणि तुमच्या डोळ्यासमोर आठवड्या-आठवड्याला फरक पडतो. म्हणून एकाच जागी परत परत जा.

सगळ्यात सोपं उदाहरण वंचकाचं, म्हणजे आपली ढोकरी. वर्षभर चिखलाच्या रंगाची, शेजारी असली तरी दिसत नाही. एप्रिलमधे तिची पाठ गडद मरून होते, डोक्यावरून लांब पिसं लोंबतात, नवखा माणूस हा वेगळाच पक्षी समजतो. गायबगळ्याचं डोकं-मान केशरी पडतात. काळ्या शेपटीचे गॉडविट मानेपासून छातीपर्यंत विटकरी व्हायला लागतात, सगळे एकदम होत नाहीत, एकाच थव्यात करडे आणि विटकरी शेजारी शेजारी दिसतील. कल्लेदार सुरयचं डोकं काळं आणि पोट गडद राखाडी होतं. रफचे नर तर असे काही चट्ट्यापट्ट्याचे दिसतात की कुणी रंगाचा डबा सांडलाय की काय वाटावं, पण त्यांची ती मानेभोवतीच्या पिसांची प्रसिद्ध कॉलर पूर्ण फुलायच्या आत ते उत्तरेला निघून जातात.

पिवळ्या धोब्यांना वेगळा वेळ द्या. ओल्या गवतात, म्हशींच्या पायापायात फिरत असतात. पोट सगळ्यांचं पिवळं, डोकं मात्र कुणाचं राखाडी, कुणाचं निळसर, कुणाचं काळं. एकाच जातीच्या या वेगवेगळ्या उपजाती आहेत आणि विणीच्या जागा वेगवेगळ्या देशांत. हिवाळ्यात त्या ओळखू येत नाहीत, मार्चच्या शेवटी नरांची डोकी रंगली की येतात. एका म्हशीच्या आसपास तीन डोकी तीन रंगांची दिसली की कळतं, हे सगळे महिन्याभरात तीन दिशांना पांगणार.

बदकांमधे भुवई बदक, म्हणजे गार्गनी, लवकर येतं आणि उशिरापर्यंत थांबतं. बाकीची निघून गेली तरी मार्चमधे यांचे थवे असतात, नराच्या डोळ्यावरची पांढरी जाड भुवई लांबूनही दिसते. पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला तो हंस, मार्चमधे निघतो आणि हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं जातो. मंगोलियात अभ्यासासाठी गळ्यात नंबरची कॉलर घातलेले पट्टकदंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळं यांचा थवा दिसला की एकेकाचा गळा तपासायचा.

संध्याकाळी भोरड्या बघाच. गुलाबी मैना, पळसमैना काहीही म्हणा. दिवसभर पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर, ज्वारीवर, शेतकरी वैतागलेला, आणि सूर्य बुडताना हजारोंनी एकत्र येऊन आभाळात जो ढग करतात तो बघायला तिकीट लावलं तरी लोक येतील. एप्रिलमधे हळूहळू जातात.

आणि जे कुठंच जात नाहीत त्यांचं घर मांडणं याच दिवसांत असतं. टिटवी, छोटी आर्ली, नदी सुरय, नंतर शेकाट्या, हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खडे-वाळूच्या रंगाची, पायाशी असली तरी दिसत नाहीत. म्हणून पाणी उतरून जी बेटं आणि खड्यांचे पट्टे उघडे पडतात तिथं पाय ठेवायचा नाही, फोटो कितीही चांगला येत असला तरी. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत चालला, तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत, आल्या वाटेनं मागं फिरायचं. एप्रिलच्या उन्हात अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसते, गार ठेवायला. तुम्ही पंधरा मिनिटं तिथं ट्रायपॉड लावून बसलात तर तेवढा वेळ ती अंडी भट्टीत. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं पण या काळात अजिबात नको, आणि ड्रोन तर अभयारण्यात चालतच नाही.

आता रिंगचं

पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेली रिंग अडकवायची पद्धत डेन्मार्कमधे मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं १८९९ मधे सुरू केली, साळुंकीच्या भाऊबंदांवर. आपल्याकडं बीएनएचएसनं, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं, १९२७ मधे धारच्या महाराजांच्या मदतीनं बदकांना रिंगा घातल्या, आणि मोठं काम १९५९ पासून डॉ. सलीम अलींच्या पुढाकारानं झालं. त्यामागचं कारण रंजक आहे. कर्नाटकात १९५७ मधे क्यासनूरचा माकडताप आला, तो गोचिडांमार्फत पसरतो, मग स्थलांतर करणारे पक्षी ते गोचीड घेऊन फिरतात का अशी शंका निघाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले. पक्षी पकडायला बिहारचे मीरशिकार आले, पिढ्यानपिढ्या विकण्यासाठी पक्षी पकडणारी माणसं, त्यांचीच कला या कामात वापरली गेली.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो कारण दरवर्षी कुणीतरी उत्साही विचारतंच की आपणपण चार रिंगा घालू का. नाही घालायच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय पक्षी पकडणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जाळ्यातनं पक्षी काढणं हे शिकलेल्याच्या हाताखाली शिकायचं काम आहे. तुमचं-माझं काम दुसरं आहे आणि ते कमी नाही. रिंग घालणारा एकच असतो, वाचणारे शंभर लागतात. छोट्या पक्ष्यांत शंभर रिंगा घातल्या तर त्यातल्या एकीचीही पुन्हा खबर मिळेल असं नसतं, म्हणून तुम्ही वाचलेली प्रत्येक रिंग किमती.

रिंग दिसली तर काय करायचं ते ओळीनं सांगतो.

पहिलं, पुढं पळायचं नाही. जागच्या जागी फोटो काढत राहा, भरपूर, पक्षी वळेल तसे. कोड गोल फिरवून लिहिलेला असतो, एका बाजूनं अर्धाच दिसतो, चार-पाच कोनांतले फोटो जोडून पूर्ण होतो. कॅमेरा नसेल तर स्कोपच्या भिंगाला मोबाईल लावून व्हिडिओ घ्या, व्हिडिओतली एखादी फ्रेम नेमकी स्पष्ट निघते.

दुसरं, कुठला पाय. पक्ष्याचा डावा, तुमचा नाही. पक्षी तुमच्याकडं तोंड करून असेल तर उलट होतं, आणि नोंदी चुकतात त्या बहुतेक इथंच. वहीत आधी पक्षी कुणीकडं तोंड करून होता ते लिहा, मग पाय लिहा. एका पायावर उभा असेल तर थांबा, दुसरा पोटात घेतलेला असतो, कधीतरी खाली ठेवतोच.

तिसरं, सांध्याच्या वर का खाली. आपल्याला जो पक्ष्याचा गुडघा वाटतो तो खरा तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत. त्या दिसणाऱ्या सांध्याच्या वरती रिंग आहे का खालती हे लिहायचंच, कारण रंगीत रिंगांच्या योजनेत जागेलाही अर्थ असतो.

चौथं, प्रकार आणि रंग. साधी धातूची रिंग, रंगीत प्लास्टिकची, झेंड्यासारखं बाहेर आलेलं टोक असलेला फ्लॅग, मानेतली कॉलर, पाठीवरचा जीपीएस टॅग. चिखल्या-तुतारी वर्गाच्या पक्ष्यांना फ्लॅग घालतात आणि त्यांचे रंग देशा-प्रदेशाप्रमाणं ठरलेले असतात, म्हणून वरचा कुठला खालचा कुठला हा क्रम पाहिजे. जुन्या फ्लॅगचा रंग उन्हानं उडतो, नारिंगीचा पिवळा होतो, तर जसा दिसतो तसा लिहा आणि "उडालेला वाटतो" असंही लिहा. अक्षर नीट दिसलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका. अंदाजानं भरलेलं अक्षर सगळ्यात वाईट, ३ चा ८ केला की भलत्याच पक्ष्याची भलतीच कुंडली निघते.

आता इथं उन्हाळ्यातली एक खास फसगत आहे. रंगीत करकोचे आणि त्यांचे भाऊबंद ऊन वाढलं की स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात. घाण वाटेल ऐकायला, पण ते त्यांचं कूलर आहे, ओल सुकताना पाय गार होतात. वाळली की पायावर पांढरे पट्टे राहतात आणि लांबनं बघणाऱ्याला पांढरी रिंग वाटते. कडा बघा. रिंगची कड सरळ आणि सारखी असते, याची ओघळासारखी वेडीवाकडी. याच कारणानं करकोच्यांना रिंग सांध्याच्या वर घालणं बरं समजतात, खाली घातली तर आत घाण साचून पायाला इजा होते.

दुसरी फसगत कबुतरांची. आपल्याकडं कबुतरबाजीचा शौक जुना, शर्यतीच्या कबुतरांच्या पायात रंगीत रिंगा असतात, त्या क्लबच्या आणि मालकाच्या, अभ्यासाच्या नाहीत. २०२३ मधे मुंबईत चेंबूरला पायात रिंगा असलेलं एक कबूतर हेर म्हणून पकडलं होतं, बिचारं आठेक महिने अडकून पडलं आणि शेवटी निघालं तैवानच्या शर्यतीतलं. रिंग दिसली की पोलिसात फोन करायची गरज नाही, एवढंच.

कुणाला कळवायचं

धातूच्या रिंगवर बीएनएचएसचं नाव आणि नंबर असेल तर मुंबईच्या बीएनएचएसला ईमेल करा. परदेशी रिंग किंवा फ्लॅग असला तरी कुणाचा ते कळेपर्यंत त्यांनाच कळवणं सोपं, ते पुढं पाठवतात. मेलमधे एवढं द्या: पक्षी कुठला, तारीख, वेळ, गाव आणि मॅपवरचं लोकेशन, कुठला पाय, सांध्याच्या वर का खाली, रंग, कोड, सोबत किती पक्षी होते, काय करत होता, आणि मूळ फोटो. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो नको, त्यात बारकावे गेलेले असतात. फोटो कापा, पण न कापलेलाही जोडा.

मेलेल्या पक्ष्याच्या पायात रिंग सापडली तर उघड्या हातानं उचलू नका, बर्ड फ्लूची भानगड असू शकते. फोटो काढा, नंबर लिहा, वनखात्याला सांगा. जिवंत पक्ष्याची रिंग तर कधीच काढायची नाही, "त्याला टोचत असेल" म्हणून दया येते लोकांना, पण रिंग पायाच्या मापाची असते, सैल फिरते. जखमी पक्षी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाईन नंबर आहे. येवल्या-नाशिककडं संक्रांतीचा मांजा मार्चमधेसुद्धा बाभळींवर लोंबत असतो आणि त्यात बगळे अडकतात, कात्री बॅगेत असू द्या, पण पक्षी अडकलेला असेल तर ओढाओढ न करता आधी फोन. रिकामा मांजा दिसला तर गोळा करून आणा.

रिंगिंग बघायची संधी मिळाली तर

परवानगी असलेल्या संस्थेच्या कॅम्पला कधी मदतनीस म्हणून जाता आलं तर सोडू नका. तिथं काय चालतं ते माहीत असलं म्हणजे तुमची लुडबूड होणार नाही.

पक्षी पकडायला बारीक काळ्या धाग्याची जाळी दोन बांबूंच्यात लावतात, लांबनं दिसतच नाही. तिला आडवे दोर असतात आणि त्यांच्यात जाळी ढिली सोडून झोळ केलेला असतो, पक्षी आपटतो आणि त्या झोळीत पडतो. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारून जाळी बघावीच लागते, ऊन चढलं की त्याहून लवकर आणि मग जाळी बंदच करतात, वारा सुटला तरी बंद. पक्षी काढला की सुती पिशवीत. अंधारात तो शांत बसतो. ती पिशवी खुंटीला टांगायची, जमिनीवर ठेवायची नाही, कुणाचातरी पाय पडतो.

मग टेबलावर. पक्ष्याची मान पहिल्या दोन बोटांच्या मधे आणि पाठ तळहातावर, दाब नाही, फक्त पकड. पायाच्या जाडीप्रमाणं अॅल्युमिनियमची रिंग निवडतात आणि खास पकडीनं बंद करतात, दोन टोकं अशी जुळली पाहिजेत की मधे केससुद्धा अडकायला नको. पंख पट्टीवर मोजतात, पिसं गळतायत का, नवी किती जुनी किती ते बघतात, त्यावरनं वय निघतं. वजन पिशवीसकट करतात आणि पिशवीचं वजा.

वसंतात बघण्यासारखी गोष्ट याच्या पुढं आहे. रिंगर पक्ष्याच्या गळ्याखाली हळूच फुंकर मारतो. पिसं दुभंगतात आणि खाली कातडी दिसते, पातळ, जवळजवळ आरपार. गळ्याच्या हाडाशी एक खळगा असतो, त्यात पिवळट चरबी साठलेली दिसते. जानेवारीत तो खळगा खोलगट असतो, निघायच्या आधी भरून फुगलेला, छोट्या पाणपक्ष्यांत तर वजन खूपच वाढतं. ही चरबी म्हणजे पुढच्या हजारो किलोमीटरचं पेट्रोल. त्या चरबीला नंबर देऊन लिहून ठेवतात. म्हणून या दिवसांत पक्ष्यांना खाऊ देणं महत्त्वाचं, आपण थवा उडवला की ते खात नाहीत आणि साठवलेलं जाळतात, बोटभर पक्षी मोठ्या प्रवासाच्या तोंडावर दिवसातनं दहादा उडवला तर त्याचं काय होत असेल ते या फुंकरीनंतर वेगळं सांगावं लागत नाही.

नवख्याला सहसा लिहायचं काम देतात. ते हलकं समजू नका. रिंगर नंबर बोलतो, तुम्ही लिहायचा आणि मोठ्यानं परत वाचून दाखवायचा, प्रत्येक वेळी. अंगाला उग्र सेंट नको, गप्पा नकोत, आणि "एक सेल्फी घेऊ का" हे तर तोंडातनंच काढायचं नाही.

नोंद ठेवायची सवय

पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ईबर्डचं अॅप फुकट आहे, नांदूरमध्यमेश्वर त्यात हॉटस्पॉट, म्हणजे ठरलेली जागा, म्हणून आहे. दिवसभराची एकच लांबलचक लिस्ट करू नका, मनोरा वेगळा, बंधारा वेगळा, तासाभराच्या तुकड्यात. दिसलेले ओळखता आले तेवढे सगळे लिहा, फक्त भारी पक्षी नाही, साळुंकी-कावळापण. आकडा टाका. हजारभराचा थवा कसा मोजायचा तर आधी दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, मग ती जागा थव्यावर सरकवत जा, मोठा थवा असेल तर पन्नासाचा तुकडा धरा. रंग बदलायला लागलेत का तेही शेरा म्हणून लिहा, "गॉडविट, साधारण निम्मे विटकरी" एवढं पुरतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याला ही एक ओळ लिहिलीत तर एप्रिलअखेर तुमच्याकडं परतीचं वेळापत्रक तयार असतं. पाणी चढतं होतं का उतरतं तेही लिहा, तो रकाना अॅपमधे नाही पण शेऱ्यात मावतो. घरट्याचं नेमकं लोकेशन मात्र कुठंही टाकू नका, ग्रुपवर तर मुळीच नाही, दुसऱ्या दिवशी तिथं दहा लेन्स उभ्या राहतात.

मेच्या मध्यापर्यंत हे सगळं ओसरतं. सुगरणींचे नर पिवळे होऊन बाभळीवर विणायला बसतात आणि पावसाच्या तोंडावर चातक येतो. रिंग कळवली असेल तर उत्तर यायला वेळ लागतो, कधी आठवडा, कधी बरेच महिने. आलं की त्यात लिहिलेलं असतं की हा पक्षी कुठं, कधी, कुणी पकडला होता आणि तेव्हा त्याचं वय काय होतं. त्याची एक प्रिंट काढून त्या दिवशी सोबत असलेल्या गाईडला नेऊन द्या, त्याच्याच स्कोपमधनं वाचला होता तो नंबर.